निरोगी माणसाची नळी

मला भेटायला येणाऱ्या बायका अजूनही पहिला प्रश्न हाच विचारतात, ते काचेच्या धाग्यानं रक्त तपासतात ते खरं हाय का. त्यांना वाटतं, धागा सुईसारखा अंगात घालतात. तसं काही नाही. रक्त नेहमीसारखंच काढतात आणि त्याच्या थेंबात तो धागा बुडवतात. दुखत नाही. जे दुखलं ते त्याच्या पुढचं आहे, आणि ते सांगायलाच मी लिहायला बसले आहे.

मी शिवलीला. मुरूमच्या बाजारात आमचं किराणा दुकान आहे. गल्ल्यावर मी बसते, त्यामुळं माझं तोंड जरा जास्त चालतं, हे आधीच सांगून ठेवते. दुकान दोन भावांचं. धाकटे माझे मालक. थोरले माझे भासरे, आणि त्यांची बायको माझी सख्खी मोठी बहीण, जगदेवी. एका घरात दोन बहिणी देणं आमच्याकडं नवलाचं नाही. ती आधी आली, मी मागून. लग्नाआधी मी ज्यांची दाजी दाजी म्हणून चेष्टा करायची, त्यांच्यासमोरच लग्नानंतर डोक्यावर पदर घेऊन वावरायला लागले. घरात कन्नड आणि मराठी दोन्ही चालतं. मी तिला अक्का म्हणायची, ती मला तंगी म्हणायची. तंगी म्हणजे धाकटी बहीण.

आमच्या सासूबाईंचा एक कायदा होता. सुनांना साडी घ्यायची तर दोघींना एकाच रंगाची, एकाच काठाची. एकीला भारी, एकीला हलकी, यावरून घरात भांडण नको. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली, पण कायदा राहिला. दिवाळीला अजून दोन सारख्या साड्या यायच्या आणि बाजारातली माणसं मागून हाक मारताना आम्हाला चुकायची.

मला अंडाशयाचा कॅन्सर झाला होता. हा शब्द मी आता गल्ल्यावर बसूनसुद्धा मोठ्यानं म्हणते. आधी नव्हते म्हणत. पोटाखालचं दुखणं बायका कुणाला सांगतात? मी बरी झाले. अक्का गेली.

*

सुरुवात गॅसनं झाली. म्हणजे मला तसं वाटायचं. दोन घास खाल्ले की पोट टम्म, लघवीला सारखं जायचं, कंबर धरलेली. मी ओवा खाल्ला, सोडा पिला, बायकांनी सांगितलं ते सगळं केलं. गावातल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. शेवटी अक्काच चिडली आणि म्हणाली, दुकानातला सगळा ओवा तूच संपवशील, चल सोलापूरला.

सोलापूरला सोनोग्राफी झाली, रक्त झालं, परत एक मोठं मशीन झालं. डॉक्टरांनी मालकांना एकट्याला आत बोलावलं आणि मला बाहेर बसवलं. आजार माझा आणि बातमी त्यांना. ते बाहेर आले तेव्हा म्हणाले, साधी गाठ आहे, औषधानं जाईल. त्यांना खोटं बोलता येत नाही, गिऱ्हाईकाला जुना माल देतानासुद्धा त्यांचे कान लाल होतात. अक्कानं त्यांच्या तोंडाकडं बघितलं, माझ्या मांडीवर पिशवी ठेवली आणि सरळ डॉक्टरांच्या खोलीत शिरली. बाहेर आली ती माझ्याजवळ येऊन बसली.

"तंगी, कॅन्सर हाय. ऑपरेशन करायचंय. लवकर सापडलंय म्हणतेत," ती म्हणाली. "रडायचं आसल तर हितंच रडून घे. एसटीत लोक बघतेत."

मी तिथंच रडले. ती पाठीवरून हात फिरवत बसली आणि मध्येच मालकांना म्हणाली, जा, हिला काहीतरी प्यायला आणा, नुसतं उभं राहू नका. मला सांगणारं माणूस घरचं होतं, यासाठी मी आजवर देवाचे आभार मानते. ज्यांच्या घरी असं कुणी आजारी आहे त्यांना माझं एकच सांगणं आहे, आजारी माणसाला खरं सांगा. तो मनातल्या मनात त्याहून वाईट धरून बसलेला असतो.

डॉक्टरांनी त्या दिवशी आणखी एक सांगितलं होतं. हा आजार कधी कधी घराण्यात असतो, तेव्हा मोठ्या बहिणीनंही एकदा तपासून घ्यावं. अक्का म्हणाली, हिचं होऊ दे, मग माझं बघू. मालक हो म्हणाले, दाजी हो म्हणाले, मीसुद्धा हो म्हणाले. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

*

ऑपरेशनला नेताना अंगावरचं सगळं काढायला सांगितलं. बांगड्या दिल्या, मंगळसूत्र दिलं. गळ्यातलं लिंग मात्र मी देईना. आम्हा लिंगायतांत ते जिवंतपणी अंगावेगळं करत नाहीत. सिस्टर समजावून थकली. अक्का आली, माझ्या गळ्यातून तिनं ते काढलं आणि आपल्या मुठीत धरलं. मी परत येईपर्यंत तिनं ती मूठ उघडली नाही, एका हातानं चहा पिला, असं मला शेजारच्या खाटेवरच्या बाईनं नंतर सांगितलं.

वॉर्डातले दिवस सगळे सारखे. पहाटे झाडणारी बाई यायची, मग बीपी, मग इंजेक्शन, मग डॉक्टरांचा राउंड, त्या वेळी सोबतच्या सगळ्यांना बाहेर काढायचे. पोटातून एक नळी बाहेर काढलेली होती, तिच्या पिशवीत लालसर पाणी उतरायचं. ती पिशवी अक्का ओतायची. पुढं किमो सुरू झाली तेव्हा उलट्यांचं भांडंही तिनंच धरलं. केस गळायला लागले तेव्हा उशीवरचे केस मी उठायच्या आधी तीच गोळा करून टाकायची. मला वाटायचं, माझी अक्का म्हणजे लई खमकी. आजारी माणसाला निदान औषधाची गुंगी असते. सोबतच्याला काहीच नसतं. तिनं माझं सगळं आजारपण टक्क जागं राहून बघितलं.

चांगल्या गोष्टीही होत्या. शेजारच्या खाटेवरची बाई सांगोल्याची होती, ती मला रोज डाळिंबाचे दाणे सोलून द्यायची. वॉर्डातल्या मावशी माझ्या टकलावरून हात फिरवून म्हणायच्या, बाळाचं जावळ काढल्यागत दिसतंय. किमोला जाताना एसटी अणदुरावरून जायची तेव्हा अक्का खिडकीतून खंडोबाला हात जोडायची आणि मलाही जोडायला लावायची. माझ्या हातात सुई टोचून टोचून गाठी झालेल्या, तरी ती हात जोडायला लावायची. मी म्हणायची, देवाला दिसतंय माझं. ती म्हणायची, दिसत आसल, पर जोड.

टकलामुळं लोक बघायचे, त्याचा मला लई राग यायचा. मी डोक्यावरून पदर गच्च ओढून बसायची. मग अक्कानं एक केलं. किमोच्या दिवशी आम्ही दोघींनी सासूबाईंच्या कायद्यातल्या सारख्या साड्या नेसायच्या आणि तिनंही माझ्यासारखाच कपाळापर्यंत पदर घ्यायचा. म्हणजे बघणाऱ्याला कळायलाच नको, आजारी कोण आणि सोबत कोण. मला त्याचं हसू यायचं. दोघी जांभळ्या साडीत, पिवळ्या काठात, पदर ओढून एका बाकावर.

*

अशाच एका किमोच्या दिवशी ती मॅडम आली. वयानं लहानच, इंजिनिअरिंग कॉलेजात संशोधन करणारी. दवाखान्यानं तिला एक खोली दिली होती. तिथं एक पेटी, एक लॅपटॉप आणि तो काचेचा धागा. केसाहून थोडा जाड. इंटरनेटच्या केबलसाठी रस्ते खोदून जो धागा पुरतात, त्याचाच भाऊ, असं तिनं सांगितलं. त्याच्या टोकाला सोन्याचा पातळ मुलामा देतात, आणि त्यावर असं काहीतरी लावतात की या आजारात रक्तात जो पदार्थ वाढतो तो तिथं येऊन चिकटतो. धाग्यातून उजेड सोडायचा. पदार्थ चिकटला की उजेड बदलतो, आणि लॅपटॉपवरची रेघ सरकते. जास्त चिकटला, जास्त सरकते. हे जमलं तर पुढं गावोगावी एका थेंबात हा आजार लवकर ओळखता येईल, एवढ्यासाठी तिची धडपड चालली होती. पण यंत्र अजून शिकतंय, त्यावरून आम्ही कुणाला औषध देत नाही, हेही तिनं स्पष्ट सांगितलं.

अक्कानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, रगत बघायला बी सोनंच लागतंय, बाईच्या जातीला सोनं सुटत न्हाय. मॅडम हसली.

तिला आजारी माणसाचं रक्त पाहिजे होतं आणि ताडून बघायला निरोगी माणसाचंही. आजारी मी. निरोगी कोण, तर सोबत आलेली अक्का. मॅडमनं विचारलं तसं अक्का क्षणभर थांबली, हे मला आज आठवतं. तेव्हा मला वाटलं, सुईला भिते. मीच तिला चिडवलं, मला इतक्या टोचल्या, तू एक घे की. मग तिनं हात पुढं केला.

रक्त काढणारा नवीन होता. दोन खुर्च्या, दोन पदर, दोन जांभळ्या साड्या. नावं विचारली, आम्ही सांगितली. मला उलटी थांबायचं औषध दिलेलं, त्यामुळं डोळ्यावर झापड होती. कोण कुठं बसलं हे मला नीट आठवत नव्हतं.

दुपारी मॅडम आमच्याकडं आली ती गोंधळलेली. आजारी माणसाच्या नळीतली रेघ हललीच नाही, आणि निरोगी माणसाची भरपूर सरकली. तिनं विचारलं, "काकू, तुम्ही दोघी एकमेकींच्या जागेवर बसला होता का?"

मी अक्काकडं बघितलं. अक्का लगेच म्हणाली, "व्हय वो बाई, आमचीच अदलाबदल झाली. त्येनं शिवलीला म्हणून हाक मारली आन् म्याच बसले. आमाला दोगींना तर सासूबाईबी चुकायच्या."

मॅडमला हायसं वाटलं. आम्हालाही वाटलं. सगळे हसलो. तिनं त्या दोन नळ्यांचा निकाल बाजूला काढून ठेवला आणि म्हणाली, पुढच्या वेळी दोघींचं परत घेऊ.

पुढच्या वेळी अक्का आली नाही.

*

तिनं कारण सांगितलं, पापडाचं पीठ भिजवलंय. त्याच्या पुढच्या वेळी सांगितलं, गुडघा धरलाय. मग घरची पूजा, मग आणखी काही. जोडी जमेना म्हणून मॅडमचं परत रक्त घेणंही राहून गेलं. सोबत कोण, तर दाजी. आता दाजी पडले भासरे. ते बायकांच्या वॉर्डात येणार नाहीत आणि माझ्याशी समोरासमोर बोलणार नाहीत. बिचारे डबा घेऊन बाहेरच्या बाकावर बसायचे आणि वॉर्डातल्या मावशीकरवी निरोप पाठवायचे, जेवलीस का, औषध घेतलंस का, उलटी झाली का. मावशी आत येऊन मला विचारायच्या आणि बाहेर जाऊन त्यांना सांगायच्या. शेवटी त्या वैतागल्या आणि म्हणाल्या, तुम्ही दोघं मोबाइल का वापरत नाही?

मला अक्काचा राग आला. इतके दिवस माझ्या उशाशी बसली आणि शेवटाकडं सोडून दिलं, असं वाटायचं. मालकांकडं मी कुरकुर केली. ते म्हणाले, तीही माणूस आहे, थकली असेल. घरी ती माझ्यासाठी सगळं करायची, गरम पाणी, मऊ खिचडी, पाय चोळणं. सोलापूरचं नाव काढलं की मात्र तिला काहीतरी काम निघायचं. ती जेवायचीही कमी. विचारलं तर म्हणायची, आज सोमवार हाय, आज अमुक हाय. आमच्या घरात उपास मोजणार कोण?

माझी किमो संपली. शेवटच्या तपासण्या झाल्या. स्कॅन चांगला आला, रक्ताचा रिपोर्ट चांगला आला. डॉक्टर स्वतः माझ्याशी बोलले, मालकांशी नाही. मी पेढे घेऊन वॉर्डात फिरले आणि मॅडमच्या खोलीतही गेले. तिनं पेढा घेतला आणि म्हणाली, आता तुमचं रक्त परत एकदा देता का, बरं झालेल्या माणसाचं. मी दिलं. संध्याकाळच्या गाडीला वेळ होता म्हणून तिथंच बसून राहिले.

तिनं धागा बुडवला. रेघ हलली नाही. तिनं ती जुनी रेघ काढली, मागच्या वेळच्या आजारी माणसाच्या नळीची, आणि शेजारी ठेवली. दोन्ही एकसारख्या. मग ती उठून दवाखान्याच्या लॅबमध्ये गेली आणि त्या जुन्या दिवशीचा माझा नेहमीचा रिपोर्ट बघून आली. किमोनं तो पदार्थ माझ्या रक्तात त्या दिवशीच उतरलेला होता. म्हणजे माझी नळी तेव्हाही माझीच होती. अदलाबदल झालीच नव्हती.

मॅडमचा चेहरा उतरला. ती म्हणाली, "काकू, तुमच्या बहिणीचं पोट कसं आहे?"

मला एका क्षणात सगळं दिसलं. ते उपास. मावेना म्हणून उसवून सैल केलेला परकराचा पट्टा. सकाळ-संध्याकाळ जिऱ्याचं पाणी. ओवा माझ्यानंतरही दुकानातून संपत होता, आणि गल्ल्यावर बसून मला तो दिसला नव्हता.

*

एसटी त्या दिवशी नळदुर्गाला ट्रकांच्या रांगेत अडकली. मी मालकांना काही सांगितलं नाही. घरी पोचले ती सरळ स्वयंपाकघरात. अक्का भाकरी थापत होती. मी जाऊन तिच्या पोटावर हात ठेवला. पोट कडक होतं. तिनं हात झटकला नाही, विचारलंही नाही. भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं आणि म्हणाली, उद्या जाऊ.

अक्काचं पसरलं होतं. डॉक्टर म्हणाले, लगेच कापता येणार नाही, आधी किमो देऊन बघू. मॅडम रडली. तिला वाटत होतं, आपण त्या नळ्या बाजूला ठेवायला नको होत्या. मी तिला म्हणाले, तुमच्या धाग्यानं खरंच सांगितलं होतं बाई, माणसांनी त्याला खोटं पाडलं.

आता मी सोबत होते आणि ती खाटेवर. पोटात पाणी भरायचं, सुईनं काढायचं, परत भरायचं. मी पिशव्या ओतल्या. मी भांडं धरलं. तिचे केस लांब होते, गळाले तेव्हा उशीभर गळाले. तेव्हा मला कळलं, शुद्धीत बसून हे बघणं म्हणजे काय असतं. मी बाहेर बाकावर जाऊन रडायची आणि तोंड धुऊन आत यायची. दाजी मात्र आता थेट वॉर्डात येऊन तिच्या पायाशी बसायचे, मी समोर असले तरी. पदर घ्यायचं माझ्याही लक्षात राहायचं नाही.

तिची किमो लागू पडली नाही. ते आम्हाला कळलं त्या दुपारी वॉर्डात सगळी झोपली होती. ती जागी होती. मी विचारलं. इतके दिवस पोटात धरून ठेवलं होतं, ते विचारलं, की तू खोटं का बोललीस.



"भ्याले," ती म्हणाली. "तुजं समदं म्या बघितलं व्हतं ना. ती पिशवी, ती वकारी. तू किंचाळायचीस झोपेत, तुला म्हाईत न्हाय. त्या बाईनं विचारलं तवा मला वाटलं, नळी माजी हाय म्हणलं तर उद्या मीच त्या खाटंवर. तोंडातून आपसूक निघालं."

"आणि नंतर? नंतर सांगायचं होतंस की अक्का."

"रोज ठरवायची. सकाळी ठरवायची आन् सांजच्याला सोडून द्यायची." मग माझा हात धरून लेकीबद्दल म्हणाली, "राजीला सांगू नको. तिला आई धीराची वाटू दे."

मी हो म्हणाले. मला तिचा इतका राग आला होता की तिथून उठून जावंसं वाटलं, आणि इतकी माया आली होती की उठता आलं नाही. सगळ्यांना धीर देणाऱ्या बाईला एकदाही कुणी विचारलं नव्हतं, तुला काय होतंय. माझ्याच आजारपणानं तिला भिववलं होतं. यात चूक कुणाची, हे मी अजून शोधते आहे.

अक्कानं घरीच जीव सोडला, मुरूमला, आपल्या माणसांत. विधी करणारे जंगम आले, गावातली माणसं आली, आमच्या रीतीप्रमाणं तिला बसवून माती दिली. मी त्या दिवशीचं जास्त लिहू शकत नाही.

*

इथून पुढचं मी राजीला विचारून लिहिते आहे. राजश्री ही अक्काची मुलगी. नळदुर्गाजवळ हायवेला तिच्या सासरचा ढाबा आहे.

अक्का गेल्यावर एक गोष्ट गावभर झाली. जगदेवीनं धाकटीसाठी जीव दिला. धाकटीच्या उपचारात अडचण नको म्हणून स्वतःचं दुखणं लपवलं. भेटायला येणारी प्रत्येक बाई मला हे ऐकवायची आणि डोळे पुसायची. मी गप्प बसायची, कारण मी अक्काला शब्द दिला होता. आणि खरं सांगते, ती गोष्ट ऐकायला बरी वाटते. पण प्रत्येक वेळी मला वाटायचं, ही कुणीतरी दुसरीच बाई आहे. माझी अक्का यात कुठं नाही.

डॉक्टरांनी राजीच्या तपासणीचं बजावून सांगितलं होतं, आई आणि मावशी दोघींना झालंय, उशीर करू नका. मी फोन केले. ती म्हणायची, पोरांच्या परीक्षा होऊ दे. मग म्हणाली, सासऱ्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन होऊ दे. मी समजले, आणि एक दिवस कुणाला न सांगता एसटीत बसून नळदुर्गाला गेले.

ढाब्यावर जेवणाची गर्दी होती. राजी मागच्या बाजूला कांदे चिरत होती. मी तिच्यासमोर पोतं टाकून बसले आणि सांगितलं, मी तुला सोलापूरला न्यायला आलेय. तिनं मान वर केली नाही. म्हणाली, "मावशी, आईनं बी आधी घरचं बघितलं ना. तुजं बघितलं. मग मी पोरांचं बघितलं तर काय चुकलं?"

ती खोटी गोष्ट आता या पोरीला घेऊन चालली होती. मी अक्काला दिलेला शब्द मोडला.

मी म्हणाले, "न्हाय राजी. तिनं माझ्यासाठी नव्हतं लपवलं. ती भ्याली होती."

सुरी थांबली. राजीनं माझ्याकडं असं बघितलं की मला वाटलं, आता ही मला हाकलून देईल. ती म्हणाली, आई मेल्यावर तिला भित्री म्हणतेस, तेपण तू? मी तिला सगळं सांगितलं. खुर्च्या, नळ्या, ती वॉर्डातली दुपार, रोज सकाळी ठरवणं आणि सांजच्याला सोडणं. तिच्या आईनं सांगू नको म्हटलं होतं, हेही सांगितलं. बाहेर गिऱ्हाइकं भाजी मागत होती, तिचा नवरा दोनदा डोकावून गेला. ती रडत होती, की कांद्यानं डोळे वाहत होते, मला कळत नव्हतं. मीही तशीच बसले होते.

बऱ्याच वेळानं तिनं सुरी खाली ठेवली.

"मावशी," ती म्हणाली, "मला बी लई भ्या वाटतंय."

"मला बी वाटतं," मी म्हणाले. "दर तपासणीला वाटतं. ऊठ, हात धू, चप्पल घाल."